दोन मुलं आणि एकच क्लास

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत कराटेचे दोन पांढरे पोशाख घडी घालून ठेवलेले आहेत. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच संध्याकाळी घेतलेले. एक माझ्या मुलीचा. तिच्या अंगावर तो दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबायचा. दुसरा मुलाचा. त्याच्या पोटावर पट्ट्याची गाठ जेमतेम बसायची. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, वाढत्या अंगाचं घ्या." मी घेतलं. पोशाखाचं माप निदान विचारलं तरी होतं. मुलं त्या क्लासच्या मापाची आहेत का, हे मात्र मी कोणालाच विचारलं नाही.

मी अंबड तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवते, उर्दू आणि मराठी दोन्ही. नोकरीला वीस वर्षं होत आली. दर उन्हाळ्यात माझं एक काम ठरलेलं असतं. आठवी-नववीच्या मुलींच्या घरी जायचं, त्यांच्या अम्मीजवळ बसायचं आणि सांगायचं की शाळा सोडवू नका. अम्मी म्हणते, "बाजी, जमाना खराब आहे, रस्ता खराब आहे." मी म्हणते, "रस्ता खराब आहे म्हणून मुलगी घरात बसवायची का?" हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर बसून बोलले आहे की ते मला झोपेतही येतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्याच मुलीनं भांडी घासता घासता सांगितलं की शिकवणीहून येताना स्टँडच्या रस्त्यावर दोन पोरं मोटारसायकल हळू करतात आणि काहीबाही बोलतात. ती तेव्हा आठवीत होती. मी नळ बंद केला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हे घरात कळता कामा नये. कळलं तर शिकवणी बंद होईल, मग शाळेचं बोलणं निघेल. म्हणजे जे मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन मोडून काढते, ते माझ्याच घरात होईल अशी मला भीती वाटली. मुलांच्या अब्बूंना सांगितलं नाही, सासऱ्यांना तर नाहीच. दुसऱ्या दिवशी मी कराटेच्या क्लासची फी भरली. धाकटा घरात बसून नुसता खातो, दोघांना मिळून फीत सवलत आहे, म्हणून त्यालाही घातलं. घरात सांगितलं, व्यायाम होईल.

धाकट्याचं काय झालं ते आधी सांगते, कारण ते लवकर संपलं. तो अकरा वर्षांचा, वजन अठ्ठावन्न किलो, उंची कमी, मान जाड, मनगटं रुंद. कराटेत पाय कमरेच्या वर जायला हवा. त्याचा गुडघ्यापर्यंत जायचा आणि तो स्वतःच मागे पडायचा. मुलं हसायची. दोन महिन्यांनी क्लासच्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. मग आदल्या दिवशीपासूनच दुखायला लागलं. "अम्मी, मेरेकू नको," एवढंच म्हणायचा. मला वाटलं आळस. मी रागावून पाठवत राहिले. शाळेत असं पोर दिसलं असतं तर मी दोन दिवसांत ओळखलं असतं, पण घरातल्या पोराला आपण शिक्षिका म्हणून पाहत नाही.

थोरलीचं उलट. ती उंच, हडकुळी, वजन एक्केचाळीस किलो. लांब हात, लांब पाय. काता करताना, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकामागून एक करताना, ती इतकी छान दिसायची की सर तिला पुढे उभं करायचे. पांढऱ्या पट्ट्यानंतर पिवळा, पिवळ्यानंतर नारिंगी. तिची पाठ ताठ झाली, हे मी कबूल करते. मी निश्चिंत झाले.

जानेवारीत स्टँडजवळ त्यातल्याच एका पोरानं मागून तिच्या दप्तराचा पट्टा धरला आणि सोडेना. नारिंगी पट्ट्याची माझी मुलगी खांबासारखी उभी राहिली. शेजारी मोसंबी विकणारी एक बाई ओरडली, तेव्हा पोरगा पळाला. हे तिनं मला अकरा दिवसांनी सांगितलं. "अम्मी, हातच उठला नाही. कुछ सुझाइच नै." आणि मग म्हणाली, "मी इतकं शिकले, तरी." हे 'तरी' मला लागलं. पोरांची भीती तिला आधी होतीच. आता स्वतःची लाजही वाटायला लागली होती, आणि ती माझ्या फीच्या पैशांतून आली होती.

मी कराटेच्या सरांकडे गेले, भांडायच्या तयारीनं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे दोघं समोरासमोर उभे राहतात, वाकतात, मग सुरू होतं. मध्ये हातभर अंतर असतं. मार अंगाला लागायच्या आधी थांबवायचा, हाच नियम. मागून कोणी धरलं तर काय, हे मी लहानांना शिकवलेलंच नाही." माणूस खरा होता. खोट माझ्या विचारण्यात होती. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की मी मुलीला इथे कशासाठी आणते आहे.

मग घरात सांगावं लागलं. त्या रात्रीचं सगळं लिहीत नाही. मुलांचे अब्बू माझ्यावर रागावले ते मुलीवरून नाही, लपवल्यावरून. शिकवणी बंद करण्याचं कोणी बोललंच नाही. मी सहा महिने ज्या भीतीत होते ती माझी मीच वाढवलेली होती. दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर जाऊन त्या मोसंबीवाल्या बाईंना भेटले, पोलिसांच्या दामिनी पथकाला कळवलं, आणि शिकवणीच्या चार मुलींनी एकत्र यायचं असं त्या चार घरांनी मिळून ठरवलं. 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन नंबर आता मुलीला पाठ आहेत. पोरं पुन्हा दिसली नाहीत.

सासरे, आम्ही त्यांना अब्बा म्हणतो, सगळं ऐकून घेत होते. शेवटी धाकट्याकडे बोट करून म्हणाले, "आणि याला लाथा मारायला कोणी घातलं? हा लाथा मारायचा घडा आहे का?"

अब्बांनी तरुणपणी वीस-पंचवीस वर्षं तालीम केली आहे. त्यांचा एक कान मोडलेला आहे, आणि तो दाखवायला त्यांना आवडतं. 2018 च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आमच्या जालन्याला झाल्या, तेव्हा धाकटा पाच वर्षांचाही नव्हता. अब्बा त्याला खांद्यावर बसवून आझाद मैदानावर घेऊन गेले. शेवटची कुस्ती पुण्याच्या अभिजित कटकेशी होती. कटके आदल्या वर्षीचा विजेता, गादी विभागातून आलेला. समोर बाला रफीक शेख, मूळचा करमाळ्याकडचा, बुलढाण्याकडून उतरलेला, माती विभाग जिंकून आलेला. शेवटची कुस्ती गादीवर असते, त्यामुळे मातीवाल्याचं अवघड असं बरेच जण म्हणत होते. बाला रफीकनं ती मारली. अब्बा रात्री घरी आले ते बोलायच्या स्थितीत नव्हते, आणि त्यांच्या खांद्यावर पोरगा झोपलेला होता. त्या रात्रीपासून त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. मी कानाडोळा करत होते, कारण मला वाटायचं कुस्ती म्हणजे शिक्षण सुटलं.

अब्बा त्याला आपल्या जुन्या तालमीत घेऊन गेले. मीही गेले, दारात उभी राहिले. वस्ताद सत्तरीचे, अब्बांचे जोडीदार, शेतकरी माणूस. त्यांनी पोराची मान दाबून पाहिली, मनगट धरलं, त्याला उकिडवं बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ऊठ. तो उठला. आणखी जोर दिला, म्हणाले, ऊठ. तो लाल झाला, पण उठला. वस्ताद माझ्याकडे वळले. "सूनबाई, याचा जीव खाली आहे. कमरेत आणि मांड्यांत. याला उडायला सांगाल तर पडेल. धरायला शिकवा, मग बघा याला कोण पाडतं."

मी भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडे पाहिलं असणार, कारण ते लगेच म्हणाले, "तुमचे सासरे बिस्मिल्लाह म्हणून मातीत उतरायचे, मी माझ्या देवाचं नाव घेऊन. मातीनं कधी विचारलं नाही." लंगोटाचंही मी भीत भीत विचारलं. गुडघ्यापर्यंतची चड्डी चालते म्हणाले. अब्बाही तसेच लढायचे.

मी मराठी शिकवते तेव्हा उर्दू माध्यमाच्या मुलांना हे शब्द फळ्यावर लिहून देते. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिकवण. पैलवान, कुस्ती, जोर, खुराक हे फारसीतून आलेले. वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. मुलांना नवल वाटतं. गावच्या तालमीत गेलं की निम्मी भाषा ओळखीची निघते.

अंगकाठीबद्दल माझा एक गैरसमज होता, तो सांगते. कुस्ती म्हणजे धिप्पाड माणसाचा खेळ, असं मला वाटायचं. मग वाचलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवलं ते 57 किलो गटात. बुटका, चपळ माणूस. गामा पैलवान 1910 मध्ये लंडनला गेला तेव्हा त्याची उंची पाहून त्याला स्पर्धेत घेईनात. साधारण पाच फूट सात इंच. मग त्यानं तिथल्या पैलवानांना जाहीर आव्हान देऊन कुस्त्या मारल्या आणि पोलंडच्या झिबिस्कोला अडीच तासांहून जास्त वेळ अडवून धरलं. पुढे 1928 ला पतियाळात त्याच झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केलं. त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष मात्र चांगला उंच होता, आणि तोही मोठा पैलवान. दोघं एकाच घरातले, एकच खेळ, पण अंगं वेगळी. बुटक्याला समोरच्याच्या खाली शिरून पट काढणं सोपं जातं, लांब हातापायाच्याला लांबून टांग मारणं. वस्ताद पोराला डाव शिकवतो तो त्याचं अंग बघूनच. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत तर 57 पासून 125 किलोपर्यंत पुरुषांचे सहा गट आहेत, म्हणजे कोणत्याही हाडाच्या माणसाला तिथे जोड मिळते.

अब्बा या बाबतीत सीरतच्या किताबांतला एक किस्सा सांगतात. उहुदच्या वेळी राफे बिन खदीज आणि समुरा बिन जुंदुब ही दोन कोवळी पोरं फौजेत यायला निघाली. वयानं लहान म्हणून प्रेषितांनी (स.) दोघांना परत पाठवलं. कोणीतरी सांगितलं की राफे तीरंदाज चांगला आहे, तेव्हा त्याला घेतलं. मग समुराबद्दल सांगण्यात आलं की तो कुस्तीत राफेला पाडतो, तेव्हा त्यालाही घेतलं. अब्बा हा किस्सा समुरासाठी सांगतात. मी ऐकते ती राफेसाठी. कुस्तीत पडणारा पोरगाही कामाचा होता, त्याचं काम वेगळं होतं.

धाकट्याचं मग सुरळीत झालं. सरळ नाही, सुरळीत. पहिला महिना त्याला जोडच दिली नाही. फजरनंतर जायचं, हौदातली माती खोऱ्यानं उकरायची, तिच्यात तेल, हळद, ताक घातलेलं असतं ती वरखाली करायची, वीस बैठका, दहा जोर, घरी. डॉक्टरांना आधी दाखवलं होतं, गुडघे आणि छाती दोन्ही. मी मोठ्या उत्साहानं बदाम भिजत घातले तर वस्ताद म्हणाले, "सूनबाई, खुराक नंतर. याच्या अंगावर आधीचंच शिल्लक आहे." भजी आणि पाव बंद, भाकरी आणि दूध चालू. सात महिन्यांत वजन फक्त तीन किलो उतरलं, पण पोट दुखायचं थांबलं. यंदाच्या जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीत तो उतरला आणि बरोबरीत सुटला. रेवड्यांची पुडी त्यानं घरापर्यंत फोडली नाही.

आता थोरली. इथे मी पुन्हा चुकणार होते. धाकट्याचं अंग पाहून खेळ निवडला आणि तो बसला, तर हिचंही अंग पाहू. लांब हात, कमी वजन, म्हणजे बॉक्सिंग किंवा तायक्वांदो. समोर निखत झरीनचं उदाहरण होतं. निजामाबाद म्हणजे काही परका मुलूख नाही, निजामाच्या राज्यात जालना आणि निजामाबाद एकाच सुलतानीत होते. त्या मुलीनं 2022 ला इस्तंबूलमध्ये 52 किलोत आणि 2023 ला दिल्लीत 50 किलोत जागतिक विजेतेपद मिळवलं. वडील स्वतः खेळाडू, मुलीच्या पाठीशी उभे राहिले, लोक कपड्यांवरून बोलले तरी. माझ्या मुलीच्या वहीत तिचा फोटो आहे. मी म्हटलं, चल, जालन्यात बॉक्सिंग शोधू.

ती म्हणाली, "अम्मी, मला कुणाला मारायचं नाही. कुणी धरलं तर मी थांबते ना, ते मला जायला पाहिजे."

मी बीएडला शिकले आहे की मुलाला काय यायला हवं हे आधी ठरवावं, मग पद्धत निवडावी. वर्गात दर पाठाआधी उद्दिष्टं लिहिते. आपल्या मुलीचं उद्दिष्ट तिला विचारायला मला आठ महिने लागले. तिचं अंग सांगत होतं लांबून मार, तिची गरज सांगत होती जवळ जा. दोन्ही एका दिशेला नव्हती.

शाळांमध्ये समग्र शिक्षाकडून मुलींसाठी तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं. आमच्या शाळेत ते झालं तेव्हा मी रजिस्टर भरत बसले होते, नीट पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. मनगट धरलं तर आपला हात समोरच्याच्या अंगठ्याकडे फिरवून ओढायचा, कारण मुठीची ती बाजू कमजोर असते. केस किंवा ओढणी धरली तर मागे ओढायचं नाही, धरणाऱ्याच्या हाताला चिकटायचं. आणि सगळ्यात आधी ओरडायचं. माझ्या वर्गातल्या मुलींना सगळ्यात अवघड गेलं ते ओरडणं. पंचवीस मुली, आणि 'सोड' म्हणायला एकीचाही आवाज निघेना. आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो, हळू बोल.

तीन महिन्यांत तोंडओळख होते, अंगात मुरत नाही. तिच्या प्रशिक्षिकेनंच जालन्यातल्या एका ताईंचं नाव सांगितलं, ज्युदो शिकवणाऱ्या. ज्युदोत पहिल्या दिवसापासून कोणीतरी तुमची कॉलर आणि बाही धरूनच उभं असतं. धरलेलं असणं हीच तिथली सुरुवात. हा खेळ जपानच्या जिगोरो कानो यांनी 1882 ला सुरू केला. ते स्वतः शाळेत अंगानं छोटे, थोराड पोरांचा त्रास सोसलेले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सौदीची सोळा वर्षांची वजदान शहरखानी डोक्याला टोपी घालून ज्युदोच खेळली. दीड मिनिटात हरली, पण सौदीकडून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या दोन मुलींपैकी ती एक. ताईंनी आम्हाला सांगितलं की सरावाला डोक्याला घट्ट टोपी आणि आतून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालेल, स्पर्धेचे नियम त्या त्या वेळी विचारू. क्लास फक्त मुलींचा, रविवारी सकाळी. अंबडहून एसटीनं जायचं, आम्हा दोघींना अर्धं तिकीट. हे सगळं जुळलं म्हणून जमलं, हेही सांगते. ताई संध्याकाळी मगरिबनंतर शिकवत असत्या तर कितीही योग्य खेळ असता तरी आम्ही गेलो नसतो.

पहिला दीड महिना तिला नुसतं पडायला शिकवलं. हात आपटून, हनुवटी छातीला लावून, मागे, बाजूला, पुढे. घरी गादीवर पडायची तेव्हा अब्बांनी काठी बाजूला ठेवून पाहिलं. मग तिनं त्यांना एक फेक दाखवली, बाही ओढून कंबर आत घालायची. अब्बा म्हणाले, "ही तर आपली ढाक. जपान्यांनी कधी नेली?" तेव्हापासून ते तिचा सराव बघायला बसतात. तालमीत मुलींना घेत नाहीत याबद्दल त्यांचं मत अजून तेच आहे, पण हे म्हणे वेगळं आहे.

लांब हातांचा तिला तोटाच होतो, कॉलर सहज धरली जाते. बुटक्या मुली तिच्या खाली शिरतात. ताई म्हणाल्या, वर्षभर जिंकायची अपेक्षा ठेवू नका. ठेवली नाही.

गेल्या महिन्यात तिची पहिली स्पर्धा झाली, 44 किलोखालच्या गटात. समोरच्या मुलीनं तिला सुरुवातीलाच पाडलं आणि छातीवर दाबून धरलं. ज्युदोत असं वीस सेकंद धरलं की सामना संपतो. मी बाकावर बसून माझीच बोटं मोडत होते. वीस झाले, पंचांनी हात वर केला, ती हरली. बाहेर आली ती घामानं निथळत, टोपी वाकडी झालेली. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिनं घेतली नाही, आधी बोलली.

"अम्मी, मी मोजत होते. विसाव्यालासुद्धा माझा डावा पाय हलत होता. तू पाहिलंस?"

पाहिलं होतं. परतीच्या एसटीत धाकट्यानं खिडकीची जागा मागितली. तिनं दिली नाही.